ट्रॉम्बोनची सरकती नळी
ट्रॉम्बोन पंधराव्या शतकात युरोपात घडला. साध्या ट्रम्पेटच्या नळीची लांबी ठरलेली असे, त्यामुळे तीत मोजकेच स्वर निघत. एक नळी दुसरीवर सरकवून लांबी बदलता येऊ लागली आणि मधले स्वरही हाती आले. न्यूरेंबर्गच्या इरास्मुस श्निट्झरने १५५१ साली घडवलेला ट्रॉम्बोन त्याच शहरातल्या संग्रहालयात आहे. रचनेच्या दृष्टीने तो आजच्या ट्रॉम्बोनचा थेट पूर्वज आहे.

दीर्घकाळ या वाद्याचे मुख्य काम चर्चमधल्या गायकवृंदाला साथ देण्याचे होते. बेथोवनने १८०८ साली आपल्या पाचव्या सिम्फनीच्या अखेरच्या भागात त्याला मानाने बसवले. त्यानंतर दहाएक वर्षांतच पितळी वाद्यांना झडपा आल्या. झडपांचे ट्रॉम्बोनही निघाले, तरी सरकती नळी टिकली, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे झडपांना तितके साधत नाही. आपल्याकडच्या संगीतातल्या मींडीशी या घसरणीचे नाते जवळचे आहे.

हीच घसरण न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ वादकांनी उचलली. जाहिरातीसाठी बँड घोडागाडीतून फिरत. नळी मोकळी सरकावी म्हणून ट्रॉम्बोनवाला गाडीच्या मागच्या फळीशी, म्हणजे टेलगेटशी बसे. त्यावरूनच या शैलीला ‘टेलगेट’ म्हणतात. तिचा सर्वांत नामवंत वादक किड ओरी. लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’च्या १९२५ पासूनच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा रांगडा, खालून रेटा देणारा आवाज ऐकू येतो. १९४०च्या दशकात जे. जे. जॉन्सन इतक्या वेगाने आणि स्वच्छ वाजवू लागला की तो झडपांचे वाद्य वाजवतो, असे अनेकांना वाटे.

अमेरिकेत एल्कहार्टची ‘कॉन’ आणि क्लीव्हलँडची ‘किंग’ या नाममुद्रांचे ट्रॉम्बोन जॅझमध्ये गाजले. यांच्या नळीचा आतला व्यास साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असतो, तर आजच्या सिम्फनीतल्या ट्रॉम्बोनचा जवळपास चौदा. अरुंद नळीला दम कमी लागतो, स्वर चटकन उमटतो आणि त्याला धार येते. जुन्या जॅझचा आवाज हवा असलेले वादक म्हणूनच ही जुनी वाद्ये शोधत असतात.

असे जुने वाद्य विकत घेताना सर्वांत आधी तपासायची ती नळीच. नळीचे कुलूप काढून वाद्य उभे धरले, की बाहेरची नळी स्वतःच्या वजनाने अलगद खाली यायला हवी. मात्र ती पडू न देता हाताने सावरावी. नळी अडखळली तर ती वाकलेली असते किंवा तिला पोचा आलेला असतो. आतल्या नळीच्या टोकाशी मुलामा उडून पितळ उघडे पडले असेल, तर झीज बरीच झालेली आहे. पितळेवरचे गुलाबी ठिपके जस्त झडत असल्याची खूण. कर्ण्याचे पोचे कुशल कारागीर काढून देतो, झिलईही पुन्हा चढते. नळी मात्र फार झिजली असेल तर बदलावीच लागते. चकचकीत कर्ण्यापेक्षा सुरळीत सरकणाऱ्या नळीला पैसे मोजावेत.