रक्ताकडे जाणारं दार

माझ्या काकांच्या डाव्या हातात, कातडीखाली, एक मऊ नळी बसवलेली होती. बोट ठेवलं की थरथर जाणवायची. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या सुया तिच्यात जायच्या. एका पावसाळ्यात तिथे लाली आली, हुडहुडी भरून ताप चढला आणि शेवटी नळी काढावी लागली. मशीन तर ठणठणीत होतं. मग अडलं कुठे, हे शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

१९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, डॉ. विलेम कोल्फ यांनी काम्पेनला माणसावर डायलिसिस केलं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. जागा संपल्या की उपचारही संपले.

१९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी तोड काढली. एक टेफ्लॉनची नळी धमनीत, एक शिरेत, दोन्ही कायमच्या. एरवी त्या हाताबाहेर एकमेकींना जोडून ठेवायच्या. त्या घडवल्या वेन क्विंटन या इंजिनिअरने. पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगला. पण नळी कातडीतून बाहेर येते तिथलं भोक कायम उघडंच. तिथून जंतू शिरत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला उघडा पोर्ट म्हणू.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी नळीच वगळली. त्यांनी मनगटाजवळची धमनी थेट शिरेला जोडली. धमनीच्या दाबाने शीर रुंद आणि जाड होते, सुया सोसते. हाच फिस्टुला.

ज्यांच्या शिरा तेवढ्या चांगल्या नसतात, त्यांच्यासाठी १९७० च्या दशकात टेफ्लॉनच्याच जातीची, कातडीखाली राहणारी ग्राफ्ट आली. काकांची नळी हीच. कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जंतू सुईबरोबर आत जातात, नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही. म्हणून बऱ्याचदा नळीच काढावी लागते. संसर्गाचा धोका फिस्टुलात सर्वांत कमी, ग्राफ्टमध्ये जास्त आणि मानेतल्या कॅथेटरमध्ये सर्वाधिक.

काकांना पुढचे काही महिने मानेतल्या कॅथेटरवरच काढावे लागले. आता दुसऱ्या हातात फिस्टुला आहे. सुया टोचण्याआधी ते साबणाने हात धुतात, लाली आहे का बघतात, मग थरथर तपासतात. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मशीन बिघडलं तर दुसरं मिळतं. हाताला जागा मोजक्याच असतात.