अधिकार नव्हता, यादी मात्र होती

जून 2007 मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेचे वार्षिक अधिवेशन टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे भरले. ओक्लाहोमातील पाळक वेड बर्ल्सन यांनी तेथे एक प्रस्ताव मांडला. लैंगिक अत्याचाराची कबुली दिलेले, न्यायालयात दोषी ठरलेले किंवा ज्यांच्यावर विश्वासार्ह आरोप आहेत अशा पाळकांची राष्ट्रीय नोंद ठेवता येईल का, याचा अभ्यास व्हावा, अशी त्यांची मागणी होती. प्रस्ताव नॅशव्हिलच्या कार्यकारी समितीकडे गेला. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसच्या अधिवेशनात समितीने नकार कळवला. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त आहे, तिच्यावर संघटनेचा अधिकार चालत नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते.

हे कारण वरकरणी खोटे नव्हते. बाप्टिस्ट परंपरेत बिशप नसतात. पाळकाची निवड, त्याची दीक्षा आणि त्याची हकालपट्टी हे सारे स्थानिक मंडळीच करते. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने आणि राजमान्य चर्चने छळलेल्या लोकांनी ही व्यवस्था जाणीवपूर्वक उभारली. पण तिच्यात एक फट राहिली. आरोप झालेला पाळक गाजावाजा न होता राजीनामा देऊन दुसऱ्या राज्यात जाई आणि तिथली मंडळी काहीच ठाऊक नसताना त्याला बोलावी. क्रिस्टा ब्राउन यांच्यासारख्या पीडित स्त्रिया समितीला पत्रे लिहून हेच सांगत होत्या.

या फटीचा आकार फेब्रुवारी 2019 मध्ये लोकांसमोर आला. ह्यूस्टन क्रॉनिकल आणि सॅन अँटोनिओ एक्सप्रेस-न्यूज या दैनिकांनी न्यायालयीन आणि तुरुंगातील नोंदी तपासल्या. 1998 पासून सुमारे 380 पाळक, कर्मचारी व स्वयंसेवकांवर आरोप झाल्याचे आणि पीडितांची संख्या 700 हून अधिक असल्याचे त्यांना आढळले. पीडितांत बहुतांश मुले-मुली होती.

जून 2021 मध्ये नॅशव्हिलच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी कार्यकारी समितीचीच स्वतंत्र चौकशी करण्याचे ठरवले. वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार तपासकांना द्यायचा की नाही, यावर समिती कित्येक आठवडे अडून बसली. अखेर 5 ऑक्टोबरला 44 विरुद्ध 31 मतांनी होकार मिळाला. तो मिळाला नसता तर समितीच्या कार्यालयात आत काय चालले होते, ते आज सांगता आले नसते.

गाइडपोस्ट सोल्यूशन्स या संस्थेचा 288 पानांचा अहवाल 22 मे 2022 रोजी प्रसिद्ध झाला. समितीचे वरिष्ठ अधिकारी व कायदेविषयक सल्लागार ऑगी बोटो यांच्या हाताखालचा एक कर्मचारी 2007 पासून आरोपी पाळकांची यादी करत होता, असे त्यातून उघड झाले. बर्ल्सन यांनी अभ्यासाची मागणी केली तेही हेच वर्ष. यादीत 703 जणांची नोंद होती. त्यांपैकी 409 जण कधी ना कधी या संघटनेशी संलग्न असल्याचे मानले जात होते. काही दिवसांत यादी जाहीर झाली तेव्हा पुरेसा आधार नसलेल्या नोंदी झाकलेल्या होत्या. यादी मुख्यतः बातम्यांवरून केलेली असल्याने तीतला प्रत्येक जण दोषी होता, असे म्हणता येणार नाही. पण समितीला माहिती होती आणि ती स्थानिक मंडळ्यांपर्यंत पोचवण्यासाठी काही झाले नाही, एवढे तिच्यावरून निर्विवाद ठरते. यादीतले नऊ जण अहवालाच्या वेळीही धर्मसेवेत किंवा तिच्याशी संबंधित असल्याचे तपासकांना दिसले. त्यांपैकी दोघांचा संबंध याच संघटनेच्या चर्चशी होता.

संघटनेकडे अधिकार नव्हता, हा दावा तिचाच इतिहास खोडून काढतो. 1992 मध्ये समलिंगी व्यक्तींच्या प्रश्नावर नॉर्थ कॅरोलायनातील दोन चर्चना तिने बाहेर काढले आणि 1993 मध्ये त्यासाठी घटना दुरुस्त केली. फेब्रुवारी 2023 मध्ये स्त्री पाळक नेमल्यावरून कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक हे मोठे चर्च वगळले. या दोन्ही वेळी स्वायत्तता आड आली नाही. मंडळीचा कारभार मंडळीकडेच ठेवूनही तिच्याशी संबंध तोडता येतो, हे संघटनेला पुरते ठाऊक होते. फेब्रुवारी 2020 मध्ये, सरकारी नोंदीतील लैंगिक गुन्हेगाराला पाळकपदी ठेवणारे टेक्सासचे एक चर्च समितीने वगळले, तेही याच अधिकाराने. शिवाय 2007 ची मागणी कोणाला काढून टाकण्याची नव्हतीच. नव्या पाळकाला बोलावण्यापूर्वी मंडळीला त्याचा पूर्वेतिहास कळावा, एवढीच ती होती. निवडीचा अधिकार मंडळीचा असेल, तर निवडीसाठी लागणारी माहिती दडवणे हा त्या अधिकारावरचाच घाला ठरतो.

जून 2022 मध्ये अनाहाइमच्या अधिवेशनाने पीडितांची माफी मागितली आणि सार्वजनिक नोंदीचा प्रकल्प मंजूर केला. जून 2024 मध्ये त्यासाठी नेमलेल्या गटाची मुदत संपली, तेव्हा त्या नोंदीत एकही नाव प्रसिद्ध झालेले नव्हते. 2025 च्या सुरुवातीला समितीचे प्रमुख जेफ आयर्ग यांनी ही नोंद सध्याच्या प्राधान्यक्रमात नसल्याचे सांगितले. 2008 चा नकार अधिकाराच्या अभावी आलेला नव्हता. हात आखडता घेण्याचा तो निर्णय होता, आणि त्याची जबाबदारी तो घेणाऱ्यांवरच राहते.