स्वतःच्या नावाने खेळलेला माणूस

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवलेला चेंडू येतो. अमेरिकेत त्याच नावाचा खेळ अगदी निराळा. तेथे लांबट चेंडू काखोटीला मारून धावायचे आणि अंगावर येणाऱ्या गड्यांना हुलकावण्या देत शेवटची रेघ गाठायची. आपल्या हुतूतूशीच त्याचे नाते अधिक जवळचे! या खेळाच्या धंद्याला ज्याच्या नावाने पत मिळाली, त्या जिम थॉर्पची ही हकिकत. मी पडलो शाळामास्तर आणि कादंबरीकार; मला त्याच्या पराक्रमापेक्षा त्याच्या नावाची कथाच अधिक ओढ लावते.

ओक्लाहोमाच्या मुलखात, १८८७ च्या सुमारास, सॅक अँड फॉक्स जमातीत तो जन्मला. जमातीतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'उजळ वाट'. पुढे तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत गेला. १८७९ साली जुन्या लष्करी बराकींत उघडलेली ही शाळा मूळ रहिवाशांच्या पोरांचे केस कापी, मायबोली बंद करी, नावेदेखील बदली. मुलाला घडवायचे ते त्याचे सारे पुसून, ही कसली मास्तरकी!

मैदानावर मात्र ही पोरे कोणाला हार जात नसत. १९११ साली त्यांनी हार्वर्डला १८-१५ असे हरवले. थॉर्पने एकट्याने चार वेळा चेंडू खांबांमधून धाडला. पुढल्या वर्षी लष्करी विद्यालयाचा संघ २७-६ असा लोळवला. त्या संघात आयझेनहॉवर नावाचा एक जवान होता. तोच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष होऊन १९५९ साली दिल्लीला आला.

त्याच १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये थॉर्पने पाच प्रकारांची आणि दहा प्रकारांची, अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली, की १९०९-१० साली तो नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. कॉलेजची कितीतरी मुले तसे खेळत. पण खोटे नाव लावून. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता! हरकत तीस दिवसांत घ्यावी असा नियम असूनही पदके काढून घेतली गेली.

हौशी खेळाचे दार लागले, तसा तो धंदेवाईक झाला. १९१५ साली ओहायोतल्या कँटन गावच्या संघाने त्याला फुटबॉलच्या सामन्यामागे २५० डॉलर दिले. १९२० साली त्याच गावात, मोटारींच्या एका दुकानात, संघचालक जमले आणि त्यांनी संघटना काढली. आजची एन.एफ.एल. ती हीच. अध्यक्ष केला थॉर्पला. कारभारापेक्षा त्याचे नाव हवे होते. १९२८ पर्यंत तो खेळला. मग मजुरी आणि सिनेमातली किरकोळ कामे. १९५० साली पत्रकारांनी त्याला अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले; १९५३ साली तो गरिबीतच वारला.

मेल्यावरही ओढाताण सुटली नाही. आप्तांना देह ओक्लाहोमाच्या मातीत हवा होता. पत्नीने तो पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाला दिला. त्या गावाने १९५४ साली आपले जुने नाव टाकून 'जिम थॉर्प' हेच नाव घेतले. मुले कोर्टात गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पदके १९८३ साली मुलांच्या हाती आली, पण विजयात दुसऱ्यांचा वाटा ठेवून. निर्भेळ विजेतेपद मिळाले ते जुलै २०२२ मध्ये!

वाचकहो, खरे नाव सांगून त्याला काय मिळाले, असे वर्गातले एखादे पोर उद्या मला विचारील. लगेच काही मिळाले नाही, हे मी लपवणार नाही. पण एकशेदहा वर्षांनी विजेत्याचे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा लिहिण्यासारखे एकच नाव होते, आणि ते त्याचेच होते.