अडीचशे रुपयांची मर्यादा कोणासाठी?

राज्य सरकारच्या कर बसविण्याच्या आणि खर्च करण्याच्या अधिकाराला घटनेनेच लगाम घालावा, असे मानणारा एक वर्ग जगभर आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरजमिनीवरील कराला तेथील राज्यघटनेतच एक टक्क्याची मर्यादा घातली, तेव्हा या विचाराला मोठे बळ मिळाले. सरकार उधळे असते, म्हणून नागरिकाचा खिसा घटनेने सांभाळावा, हा या मंडळींचा युक्तिवाद. पण खिसा कोणाचा? आपल्या घटनेतही असा एक लगाम आहे आणि त्याचा इतिहास महाराष्ट्रातील भूमिहीनांच्या मजुरीशी जोडलेला आहे.

१९७२ चा दुष्काळ आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने खडी फोडून, पाझर तलावांची माती वाहून काढला. रेशनवरचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी ही त्या पिढीची आठवण. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत भूमिहीन, म्हणजेच मोठ्या प्रमाणावर दलित आणि आदिवासी होते. स्त्रिया तर फारच मोठ्या संख्येने होत्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. जो मजूर गावच्या पाटलाच्या बांधावर उभा राहून काम मागत होता, तो तहसीलदाराकडे अर्ज करू लागला. या बदलाचे मोल केवळ रुपयांत मोजता येत नाही.

पण हक्काला पैसा लागतो. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी भरलेला हा कर रोजगार हमीच्या निधीकडे वळविण्यात आला. शहराच्या मिळकतीतून खेड्यातील मजुराची मजुरी निघावी, असा हा सरळ व्यवहार होता. मात्र घटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय करावर माणशी वर्षाला अडीचशे रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. ब्रिटिश अमदानीत ती पन्नास रुपये होती. कारणही समजण्याजोगे आहे. हा कर स्वरूपाने प्राप्तिकराचा भाऊबंद आणि प्राप्तिकर केंद्राचा.

मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते, मग या मर्यादेवर टीका कशी, असे कोणी विचारील. पण १९२५ च्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात त्यांनीच जमीनमहसूल आणि मिठाचा कर यांवर पोसलेल्या राज्यकारभाराची झडती घेतली होती. कर कोण भरतो आणि तो कोणावर खर्च होतो, हा प्रश्न त्यांनीच आपल्याला शिकविला. तो घटनेच्या कलमालाही विचारला पाहिजे.

१९५० चे अडीचशे रुपये अडतीस वर्षे तसेच राहिले. या काळात भाव वाढले, पगार वाढले, ज्वारी महागली. वरच्या पगारदाराचा कर मात्र गोठलेला. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने मर्यादा अडीच हजार झाली. त्याच वर्षी किमान वेतनाच्या वाढीमुळे रोजगार हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. पण त्यानंतर कामावरील उपस्थिती घटली. मागणी असूनही पुरेशी कामे काढली जात नव्हती, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. हमी कायद्यात राहिली आणि मजूर हजेरीपत्रकाच्या बाहेर.

येथे विरोधकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या योजनेसाठी गोळा झालेला सगळा पैसा दरवर्षी मजुरांवर खर्च झाला नाही. निधीत शिल्लक राहत गेली. तेव्हा मर्यादा उठली की न्याय आला, असे माझे म्हणणे नाही. पण न खर्चलेल्या पैशाचा जाब विधानसभेत विचारता येतो, त्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चा नेता येतो. घटनेत कोरलेली रक्कम बदलायला संसदेत दोन तृतीयांश मते लागतात. राज्याची विधानसभा एकमताने उभी राहिली, तरी ती रक्कम एका रुपयाने हलत नाही.

अडीच हजारांची मर्यादा आजही तीच आहे. राजगुरुनगरहून रोज चाकणला जाणारी माझ्या माजी विद्यार्थ्यांतली कितीतरी मुले कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत. महिना दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष कामगाराच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, म्हणजे वर्षाला अडीच हजार. (स्त्रियांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर सूट आहे, हे चांगले झाले.) त्याच कारखान्यात महिना दहा लाख घेणाऱ्या व्यवस्थापकाचा व्यवसाय करही अडीच हजारच. पहिल्याच्या बाबतीत ही त्याच्या बारा दिवसांच्या भाजी-भाकरीची रक्कम आहे. दुसऱ्याच्या तर ती ध्यानातही येत नसेल.