जलरोधक मागील डॅशकॅम

जलरोधक मागील डॅशकॅम हा मोटारगाडीच्या मागील भागावर बाहेरून बसवला जाणारा, पाणी व धूळ आत शिरू नये अशा रीतीने बंद केलेला लहान कॅमेरा होय. सर्वसाधारणपणे तो स्वतः चित्रण साठवत नाही. पुढील काचेमागे असलेल्या मुख्य डॅशकॅमशी तो वायरने जोडलेला असतो. वीज तेथूनच घेतो आणि मागील रस्त्याचे चित्रण मुख्य यंत्रातील मेमरी कार्डावर नोंदवले जाते. मागून बसलेली धडक, उभ्या गाडीला घासून निघून गेलेले वाहन किंवा पाठलाग अशा प्रसंगांची नोंद राहावी, हा त्याचा मुख्य उपयोग आहे.

रिव्हर्स कॅमेऱ्याशी त्याचे बाह्य साम्य असले, तरी दोहोंचे काम वेगळे आहे. रिव्हर्स कॅमेरा गाडी मागे घेतानाच चालू होतो व चालकाला मागचे दृश्य दाखवतो. त्यात नोंद राहत नाही. डॅशकॅम गाडी चालू असेपर्यंत अखंड नोंद करतो. बाहेर बसवायचे अनेक मागील डॅशकॅम ही दोन्ही कामे करतात.

पार्श्वभूमी

मोटारीच्या मागे बाहेरून कॅमेरा लावण्याची कल्पना डॅशकॅमपेक्षा जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेतील ब्यूक कंपनीने प्रदर्शनात मांडलेल्या सेंच्युरियन या संकल्पना-मोटारीत आरशाऐवजी मागे दूरचित्रवाणी कॅमेरा होता. विक्रीस आलेल्या मोटारींमध्ये जपानमधील १९९१ची टोयोटा सोअरर हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. तिचा कॅमेरा मागील स्पॉयलरवर, म्हणजे उघड्यावरच होता. अमेरिकेत १ मे २०१८पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना मागील दृश्य दाखवणारी यंत्रणा बंधनकारक झाली. भारतात १ जुलै २०१९पासून तयार होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींना मागे घेताना इशारा देणारी व्यवस्था सक्तीची आहे; मात्र ती केवळ संवेदकांनीही पूर्ण होते, कॅमेरा असलाच पाहिजे असे नाही.

सतत नोंद करणाऱ्या डॅशकॅमला जगभर प्रसिद्धी मिळाली ती १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर झालेल्या उल्कास्फोटामुळे. त्या घटनेची अनेक चित्रणे चालत्या मोटारींतील डॅशकॅमनी टिपलेली होती. सुरुवातीचे डॅशकॅम केवळ पुढील रस्ता पाहत. मागच्या बाजूचा दुसरा कॅमेरा नंतर रूढ झाला.

बाहेर बसवण्याची कारणे

मागील डॅशकॅम शक्यतो काचेच्या आतूनच लावावा, असा सामान्य प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. आतल्या कॅमेऱ्याला पाऊस, चिखल, चोरी यांची भीती नसते. बाहेरचा कॅमेरा हा अडचणीवरचा उपाय आहे. टेम्पो, मालवाहू व्हॅन व ट्रक यांना मागे काचच नसते. जीपसारख्या कापडी छताच्या गाड्यांत मागील खिडकी प्लास्टिकची असते व ती लवकर धुरकटते. पाठीवर स्टेपनी असलेल्या गाड्यांत काचेचा मोठा भाग चाकाने झाकला जातो. पिकअपमध्ये हौद्यात सामान भरले की काचेतून काहीच दिसत नाही.

याशिवाय मागील काचेवरील धुके घालवणाऱ्या तारा, काचेचा गडद रंग व रात्री काचेत पडणारी आतल्या दिव्यांची प्रतिबिंबे यांमुळेही चित्रण बिघडते. भारतीय नियमांनुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर वेगळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. त्यामुळे प्रवासी मोटारींत काळ्या काचेची अडचण भारतात तरी कमी असायला हवी. व्यवहारात ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

संरक्षण श्रेणी

जलरोधक हा शब्द विक्रेते सैलपणे वापरतात. नेमका अर्थ कळतो तो आयपी श्रेणीवरून. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात ही श्रेणी दिलेली आहे. तिच्यातील पहिला अंक घन कणांपासूनचे संरक्षण दर्शवतो. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा अंक पाण्यासाठी असतो. आयपी६७ श्रेणीचे उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवून तपासलेले असते.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. बुडवण्याच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले उपकरण पाण्याचा जोरदार फवाराही सहन करील, असे गृहीत धरता येत नाही. फवाऱ्याची चाचणी वेगळी आहे व तिच्यासाठी दुसरा अंक ५ किंवा ६ असतो. दोन्ही चाचण्या झाल्या असतील, तर उत्पादकाने दोन्ही श्रेणी नमूद करायच्या असतात. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी उच्च दाबाच्या पंपाने धुतली जाते आणि त्या धारेला तोंड देणारी श्रेणी आयपी६९के ही आहे. रस्त्यावरील वाहनांसाठीच्या या चाचणीत सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी ८० ते १०० बार दाबाने, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावरून मारले जाते. तेव्हा आयपी६७ कॅमेरा मुसळधार पावसात टिकला आणि गाडी धुताना निकामी झाला, तर त्यात आश्चर्य नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. श्रेणी दिली जाते ती कॅमेऱ्याच्या कवचाला. वायरीचा जोड, पत्र्यातील भोक व रबरी बूच यांना ती लागू होत नाही. बाहेर बसवलेल्या कॅमेऱ्यात पाणी शिरल्याच्या तक्रारीत दोष पुष्कळदा याच ठिकाणी असतो. पाणी वायरीच्या आवरणाखालून झिरपत जोडापर्यंत पोहोचते, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि चित्र थरथरू लागते किंवा बंद पडते. भिंग मात्र कोरडेच असते.

जागेची निवड

चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो व चाकांनी उडवलेले पाणी आणि धूळ तो गाडीच्या पाठीवर ओढून आणतो. सपाट पाठीच्या हॅचबॅक व एसयूव्ही गाड्यांना मागील वायपर असतो आणि उतरत्या डिकीच्या सेदान गाड्यांना सहसा नसतो, त्यामागे हेच कारण आहे. क्रमांक-पाटीजवळ किंवा बंपरवर बसवलेला कॅमेरा या चिखलात सापडतो. छताच्या कडेला, स्पॉयलरखाली किंवा वरच्या ब्रेक-दिव्याजवळ तो तुलनेने स्वच्छ राहतो. तेथून दृष्टिक्षेपही दूरवर जातो. गाडी मागे घेताना बंपरलगतची जमीन दिसणे आवश्यक असेल, तर मात्र खालची जागा सोयीची ठरते. दोन्ही हेतू एकाच कॅमेऱ्याने पूर्णपणे साधत नाहीत.

भिंगाचा कोन जितका रुंद तितके चांगले, अशी समजूत आहे. मागून येणाऱ्या वाहनाचा क्रमांक वाचता यावा हा हेतू असेल, तर ती चुकीची ठरते. १०८० रेषांच्या चित्रात आडवे १,९२० बिंदू असतात. भिंगाचा आडवा कोन १२० अंश धरल्यास एका अंशाच्या वाट्याला सरासरी १६ बिंदू येतात. भारतातील मोटारींची ५०० मिलिमीटर रुंदीची क्रमांक-पाटी ५ मीटर अंतरावर सुमारे ५.७ अंश व्यापते, म्हणजे तिला ९० च्या आसपास बिंदू मिळतात. क्रमांकात दहा अक्षरे व अंक असल्यास प्रत्येकाला नऊच्या आसपास. एवढ्यात क्रमांक कसाबसा वाचता येतो. अंतर १० मीटर झाले की हीच संख्या निम्मी होते आणि अक्षरांचे ठिपके बनतात. दुचाकीची पुढील पाटी २८५ बाय ४५ मिलिमीटरची, म्हणजे आणखी लहान असते. रात्री मागच्या गाडीच्या हेडलाइटमुळे पाटीभोवतीचा भाग पांढराफटक होतो. म्हणून मागील डॅशकॅमकडून अपेक्षा ठेवावी ती प्रसंग कसा घडला हे दाखवण्याची. दूरच्या वाहनाचा क्रमांक मिळणे हा योगाचा भाग आहे.

बसवणी

कॅमेरा चिकटवून किंवा स्क्रूने बसवला जातो. चिकटवण्यासाठी अॅक्रिलिक फेसाची दुहेरी टेप वापरतात. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी यांच्या सम मिश्रणाने पुसून कोरडा करावा लागतो. मेण किंवा पॉलिशचा थर राहिल्यास टेप धरत नाही. अशा टेपची पकड हळूहळू वाढते व सामान्य तापमानात पूर्ण बळ येण्यास सुमारे ७२ तास लागतात. तोपर्यंत गाडी धुणे टाळतात.

पत्र्याला भोक पाडणे हा शेवटचा पर्याय समजला जातो. मोटारीचा बाह्य पत्रा सहसा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि भोकाच्या कडेला रंग व जस्ताचा थर निघून उघडे पोलाद हवेशी संपर्कात येते. कोकण व गोव्यासारख्या खारट, दमट हवेच्या पट्ट्यात अशी कडा लवकर गंजते. भोक पाडावेच लागले, तर कडा घासून तिला गंजरोधक प्रायमर व रंग लावतात, रबरी ग्रोमेट बसवतात आणि त्याभोवती मोटारीसाठीचे सीलंट भरतात. स्नानगृहात वापरले जाणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे चालत नाही. त्यातून सुटणारे आम्ल धातूला गंज आणते.

बहुतेक गाड्यांत भोक टाळता येते. क्रमांक-पाटीच्या दिव्याच्या खाचेतून किंवा डिकीच्या हँडलजवळील मूळ छिद्रातून वायर आत नेता येते. वायर आत शिरण्यापूर्वी तिला खाली लोंबता वळसा देतात. वायरीवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी येऊन टपकते व छिद्राकडे चढत नाही. हा वळसा फुकटचा असतो. महागड्या सीलंटपेक्षा त्याचा उपयोग अनेकदा जास्त होतो.

डिकीचे दार व गाडीचे छत यांच्यामधील वायर तेथील मूळ रबरी नळीतूनच न्यावी लागते. दार दररोज उघडते-मिटते. वायर ताणलेली असल्यास काही महिन्यांत ती आतून तुटते.

छताच्या अस्तराखालून वायर पुढे नेताना सर्वाधिक दक्षता लागते. अनेक गाड्यांत छताच्या दोन्ही कडांना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. वायर त्यांच्या पुढून किंवा त्यांच्याभोवती गुंडाळून नेल्यास अपघातात एअरबॅग नीट उघडत नाही, किंवा वायर व तिचे क्लिप प्रवाशाकडे फेकले जातात. वायर नेहमी एअरबॅगच्या मागच्या बाजूने न्यायची असते. एअरबॅगची जागा माहीत नसल्यास हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. केवळ कॅमेरा चालू होतो म्हणून काम नीट झाले, असे मानता येत नाही.

विद्युत जोडणी

मुख्य डॅशकॅम लाइटर सॉकेटमधून किंवा फ्यूज बॉक्समधून वीज घेतो. फ्यूज बॉक्सच्या जोडणीत साधारणतः तीन वायरी असतात : कायम वीज देणारी, चावी फिरवल्यावर वीज देणारी व अर्थिंगची. उभ्या गाडीत नोंद चालू ठेवायची असल्यास बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली गेल्यावर पुरवठा तोडणारे उपकरण आवश्यक असते. नाहीतर सकाळी गाडी चालू होत नाही. मोटारीची यंत्रणा १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची असते, हेही तपासावे लागते.

मागील कॅमेऱ्याच्या वायरीतून निघणारी एक सुटी, बहुधा लाल वायर रिव्हर्स दिव्याच्या धन टोकाला जोडतात. रिव्हर्स गिअर पडताच तिला वीज मिळते आणि पडद्यावर मागील दृश्य उमटते. ही वायर जोडली नाही, तरी नोंदीवर परिणाम होत नाही. मूळ वायरिंग कापून जोडणी केल्यास उत्पादक त्या भागाची हमी नाकारू शकतो.

देखभाल

भिंग ओल्या मऊ कापडाने पुसतात. कोरड्या कापडाने धूळ घासली गेल्यास त्यावर ओरखडे पडतात. भिंगाच्या आतून धुके दिसू लागणे हे सील निकामी झाल्याचे लक्षण होय. उन्हात तापलेल्या कॅमेऱ्यावर गार पाणी पडले की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधील सूक्ष्म फटीतून ओलावा आत ओढला जातो. गाडी धुण्यापूर्वी काही वेळ सावलीत उभी करणे म्हणूनच हितावह असते.

कायदेशीर बाजू

भारतात खासगी मोटारीवर डॅशकॅम लावण्यास मनाई नाही आणि सक्तीही नाही. मात्र कॅमेरा किंवा त्याची पट्टी क्रमांक-पाटीवर येता कामा नये. १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांक-पाटी असते व ती एकदाच बसणाऱ्या कुलुपांनी जोडलेली असते. त्यामुळे पाटी काढून तिच्यामागे चौकट बसवावी लागणारे, परदेशी बाजारासाठी बनलेले कॅमेरे येथे गैरसोयीचे ठरतात.

इतर देशांत स्थिती भिन्न आहे. जर्मनीच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने मे २०१८मध्ये असा निर्णय दिला की, विनाकारण अखंड चित्रण करणे तेथील विदासंरक्षण कायद्याशी विसंगत असले, तरी अपघाताच्या दाव्यात ते चित्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते.

भारतात चित्रण पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. यासंबंधीचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातील एका निवडणूक वादातून आला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधीच्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रण हा वादाचा विषय होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे; मालकाने मूळ उपकरणच साक्षीत हजर केल्यास ते लागत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३मध्ये आली असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवावे लागते.

डॅशकॅम जुन्या चित्रणावर नवे चित्रण नोंदवत जातो. धक्का जाणवल्यास ती फाइल कुलूपबंद करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, परंतु हळू झालेला स्पर्श तिच्या लक्षात येतोच असे नाही. म्हणून अपघातानंतर कॅमेऱ्याचा पुरवठा बंद करून मेमरी कार्ड काढून घेतात व ते न वापरता जपून ठेवतात.