बिदरीतले शिसे

बिदरीची कुळकथा बहुधा चांदीपासून सुरू होते. इराणहून आलेला कारागीर, बहमनी सुलतानाचा आश्रय, काळ्या अंगावरची लखलखती वेलबुट्टी. पण चांदी या कामात फार उशिरा येते. आधी भांडे ओतावे लागते, आणि ते कशाचे ओतले यावर पुढचे सगळे ठरते. बिदरीचा खरा इतिहास मला मुशीत दिसतो, आणि त्यातही शिशाच्या येण्याजाण्यात.

मूळ धातू जस्त. तो हाती लागणेच कठीण, कारण ९०७ अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि खनिजातून तो सुटतो तो त्याहून चढ्या आचेवर. उघड्या भट्टीत तो धुरासारखा निघून जातो. राजस्थानातल्या जावरच्या लोकांनी यावर उपाय काढला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या टांगायच्या, आच वरून द्यायची आणि वाफ नळीतून खाली थंड भांड्यात उतरवायची. जस्त असे मोठ्या प्रमाणावर गाळले जाऊ लागले, म्हणूनच निव्वळ जस्तप्रधान भांडी ओतण्याची कल्पना शक्य झाली. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहा वलीने राजधानी कलबुर्गीहून बीदरला हलवली आणि परंपरा या कलेचा उगम त्याच काळात मानते. आज संग्रहालयांत असलेल्या जुन्यात जुन्या वस्तू, हुक्क्यांची बुडे आणि सुरया, सतराव्या शतकातल्या आहेत.

त्या वस्तूंत शिसे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांनी बिदरीची कृती नोंदवून ठेवली. १६ औंस तांबे, ४ औंस शिसे आणि २ औंस कथील एकत्र वितळवायचे, आणि त्यातल्या दर ३ औंसांत १६ औंस जस्त घालायचे. त्याच सुमारास फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी बिहारातल्या पूर्णियाच्या बिदरीचे माप दिले: १२,३६० ग्रेन जस्त, ४६० ग्रेन तांबे, ४१४ ग्रेन शिसे. हिशेब करून पाहिला, तर तांब्याचे प्रमाण दोन्हीकडे अगदी वेगळे आहे, पण शिसे मात्र दोन्हीकडे शेकडा तीनच्या आसपास. शेकडो कोसांवरच्या दोन गावांत हे जुळावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आज बीदरच्या कारखान्यात १६ भाग जस्ताला १ भाग तांबे हे प्रमाण सांगितले जाते. शिशाचे नाव त्यात नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. शिसे आणि जस्त एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. रस निवू लागला की जड शिसे तळाशी बसू पाहते. तांबे मात्र नुसते भरीला नाही, बिदरीचा काळा रंग त्याच्यावर अवलंबून आहे. निव्वळ जस्तावर तो तसा चढत नाही.

आणि हा रंग चढवते ती बीदरच्या किल्ल्यातली माती. ऊनपाऊस न लागलेल्या जुन्या भागातून ती आणतात आणि पारखी कारागीर ती जिभेवर ठेवून निवडतो. तिच्यात सोरा असतो. तोच सोरा बंदुकीच्या दारूचाही मुख्य घटक. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदरला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यातल्या दारूसाठ्याला ठिणगी लागली. त्या स्फोटात होरपळून आदिलशाही किल्लेदार सिद्दी मर्जानचा अंत झाला आणि किल्ला पडला. ज्या क्षाराने किल्ला गमावला, त्याच क्षाराच्या मातीवर त्या गावाची कला आजही उभी आहे.

काम जवळून पाहावे असे आहे. मातीत एरंडेल आणि राळ कालवून दोन भागांचा साचा करतात आणि त्यात रस ओततात. निघते ते करड्या, खरबरीत अंगाचे भांडे. कानस मारून ते गुळगुळीत करतात आणि मोरचुदाचे पाणी लावून तात्पुरते काळे करतात, म्हणजे नक्षीची रेघ उठून दिसते. मग छिन्नीने चर कोरायचे, त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि पुन्हा घासायचे. आता चांदी आणि जस्त दोन्ही पांढरट, नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते. भांडे किंचित तापवून किल्ल्याची माती आणि नवसागर यांचा लेप चोळला, की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच राहते. शेवटी तेलाचा हात.

शिसे आज आणखी एका ओतकामातून बाहेर ढकलले जात आहे, बंदुकीच्या गोळीतून. गोळ्यांतले शिसे खाऊन गिधाडे मरतात, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली. पर्यायांत जस्ताचे मिश्रधातूही आहेत. पण काळ्या दारूच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला जस्त मानवत नाही. तिथे गोळी तिच्या घरापेक्षा किंचित मोठी असते आणि दट्ट्याने दाबून बसवताना तिची कड तासली जाते, म्हणून तिला मऊ शिसेच हवे. जस्त कठीण, वजनाला हलके (घनता ७.१४, शिशाची ११.३४) आणि ४१९ अंशांपर्यंत न वितळणारे, तर शिसे ३२७ अंशांनाच पाघळते. गोळीला हा बदल जड जातो, बिदरीला तो गेला नाही.

बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. त्यांच्या क्षेत्रातल्या तरुण ओतकऱ्यांपर्यंत एवढे तरी पोचावे: जुनी मोडकी बिदरी वितळवून नव्या रसात मिसळू नये. त्या मोडीबरोबर जुने शिसेही मुशीत परत येते, आणि ते भट्टीशी रोज बसणाऱ्याच्या अंगात साठत जाते.