हंडा, हुकूमनामा आणि गिरणगाव

या मालिकेत आपण शहरांच्या जुन्या वस्त्यांमधून हिंडतो आहोत. आज मुंबईच्या गिरणगावात जाऊ. लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी या भागाबद्दल आपण खूप ऐकलंय. गिरणीचा भोंगा, संप, भजनी मंडळं, गणपती. कर्जाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. मी आज तेच बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच घरापासून करतो.

आजीच्या लोखंडी ट्रंकेत मला दोन कागद सापडले. एक होता १९३८ सालचा कोर्टाचा हुकूमनामा, आजोबांच्या नावचा. दुसरी होती तांब्याचा हंडा गहाण ठेवल्याची चिठ्ठी. हंडा परत आला नाही, चिठ्ठी राहिली. कायदा वाचायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी मी हे कागद पुन्हा काढले, आणि लक्षात आलं की तो हंडा घरातून जायची गरजच नव्हती.

आधी त्या काळचा हिशेब समजून घेऊ. आजोबा कोकणातून आले आणि गिरणीच्या साचेखात्यात बदलीवर लागले. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने व्हायचा, तोही पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. म्हणजे नव्या माणसाने पहिला पगार हातात पडेपर्यंत जवळजवळ दीड महिना काढायचा कसा? खानावळ उधारीवर, वाण्याकडे वही, आणि रोख पैसे सावकाराकडून. गावाहून आलेला माणूस कमवायला लागण्याआधीच कर्जात असायचा. यात उधळपट्टीचा प्रश्नच नव्हता. पगाराची पद्धतच तशी होती.

१९२१-२२मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्यात ४७ टक्के कुटुंबं कर्जबाजारी निघाली. व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयाला महिना एक आणा. ऐकायला एक आणा किरकोळ वाटतो. पण चाळीस रुपये घेतले तर महिन्याला अडीच रुपये व्याज, वर्षाला तीस. म्हणजे ७५ टक्के! पुढे जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही मजूर आयोग नेमला गेला. कामगार नेते ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. आयोगाने १९३१च्या अहवालात म्हटलं की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत, आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे.

मग कायदा काय करत होता? आपल्याला वाटतं की गरिबासाठी तेव्हा कायदाच नव्हता. तसं नाही. कायदे होते, पण प्रत्येकाला काही ना काही अट होती.

पहिला दामदुपटीचा नियम. हा हिंदू धर्मशास्त्रातला जुना नियम. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. मुंबईच्या न्यायालयांनी तो इंग्रजी अमलातही पाळला. पण ऋणको हिंदू असेल तरच. म्हणजे लालबागच्या विणकऱ्याला तो लागू, आणि मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकऱ्याला नाही. शिवाय त्यात आणखी एक गोम होती. हा नियम फक्त थकलेल्या व्याजाला लागू. आजोबांसारखा माणूस दर महिन्याला पोटाला चिमटा काढून अडीच रुपये देत राहिला, तर सोळा महिन्यांत मुद्दलाइतके चाळीस रुपये व्याजातच गेले, तरी दामदुपट त्याच्या मदतीला येत नाही. व्याज थकवणाऱ्याला आसरा, नेमाने भरणाऱ्याला नाही.

दुसरा मार्ग दिवाळखोरीचा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी १९०९चा दिवाळखोरी कायदा होता. व्यापारी त्याचा उपयोग करत. पण स्वतःहून अर्ज करायचा तर कर्ज पाचशे रुपयांचं तरी हवं, नाहीतर आधी अटक किंवा जप्ती ओढवलेली हवी. महिना तीस-चाळीस रुपये मिळवणाऱ्याला पाचशेचं कर्ज देणार कोण? बुडायला परवानगी होती, पण त्यासाठी आधी मोठं असायला हवं.

तिसरा मार्ग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. हुकूमनाम्याच्या वसुलीत काय जप्त करता येणार नाही, याची ही यादी आहे. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. म्हणजे मंगळसूत्राला हात लावायचा नाही आणि चुलीवरच्या भांड्यालाही नाही. व्हिटली आयोगानंतर त्यात भर पडली. १९३६च्या दुरुस्तीने साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी प्रामाणिक पण गरीब माणसाला तुरुंगात टाकणं अवघड केलं. १९३७च्या दुरुस्तीने महिना शंभर रुपयांच्या आतला पगार जप्तीतून सोडवला. त्याच वर्षी अमलात आलेल्या पगार वाटप कायद्याने मोठ्या कारखान्यांना दहा तारखेच्या आत पगार देणं बंधनकारक केलं.

आता परत ट्रंकेतल्या कागदांकडे येऊ. आजोबांनी घेतले होते चाळीस. कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता आणि त्यावर नंतर आकडा पडला शंभर. काही महिने काम मिळालं नाही, व्याज थांबलं, आणि सावकाराने धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टात दावा लावला. समन्स चाळीत आलं. आजोबांना वाचता येत नव्हतं, आणि कोर्टाचा कागद म्हटला की पोटात गोळा. त्यांनी तो भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला. देव बघून घेईल. तारखेला कुणी गेलं नाही. हुकूमनामा एकतर्फी झाला. ते गेले असते तर हिशेब मागू शकले असते, दिलेलं व्याज सांगू शकले असते, हप्ते मागू शकले असते.

तरीही बघा, १९३८मध्ये त्या हुकूमनाम्याने सावकाराला काय मिळत होतं? आजोबांचा पगार शंभराच्या आत, तो जप्त होत नव्हता. भांडीकुंडी जप्त होत नव्हती. ऐपत नसलेल्या माणसाला अटक करवणं सोपं राहिलं नव्हतं. मग सावकाराने काय केलं? पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दरवाजात उभा राहिला आणि चारचौघांत आजोबांचं नाव घेतलं. त्याच संध्याकाळी आजीने हंडा पदराखाली घेतला आणि गहाण टाकून आली. कोर्टाच्या बेलिफाला ज्या भांड्याला हात लावता आला नसता, ते आजीने स्वतः नेऊन दिलं. पगाराला संरक्षण होतं, भांड्यांना होतं, अब्रूला नव्हतं.

कारखान्याला असा वेढा घालून वसुली करणं हा गुन्हा ठरवा, असं व्हिटली आयोगानेच सुचवलं होतं. बंगालने १९३४मध्ये तसा कायदा केला. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांताने १९३६मध्ये औद्योगिक कामगारांची कर्जं मिटवण्याचा आणि १९३७मध्ये ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा केला. मुंबई प्रांतात सावकारांना परवाना, हिशेबाची सक्ती आणि ऋणकोचा पाठलाग करण्याला शिक्षा हे सगळं आलं १९४६च्या सावकारी कायद्यात. आजीच्या हंड्यानंतर आठ वर्षांनी.

मग १९७५. आणीबाणीत महाराष्ट्र सरकारने कर्जमुक्तीचा अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा केला. छोटे शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांच्याबरोबर कामगारांचंही सावकारी कर्ज रद्द, आणि गहाण वस्तू परत. बँका आणि सहकारी संस्थांची कर्जं यातून वगळली होती. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात १९७७मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने कायदा टिकला. आमच्या चाळीतल्या एका बाईला तिच्या पाटल्या परत मिळाल्या. आजी त्या बघायला गेली होती. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "आमचा हंडा केव्हाच वितळला असेल." १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वाण्याकडच्या वह्या पुन्हा उघडल्या, ती गोष्ट वेगळी.

आता हे सगळं आज कशाला सांगतोय? गेल्या वर्षी माझ्या भाच्याने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपकडून कर्ज घेतलं. हप्ते थकले. वसुलीवाले त्याच्या कचेरीतल्या लोकांना फोन करू लागले. गिरणीचा दरवाजा आता फोनमध्ये आहे, एवढाच फरक. वकिलाची नोटीस आली तेव्हा त्याने ती न उघडता फोन उलटा ठेवला. मला ती तसबीर आठवली.

म्हणून आम्ही दोघांनी बसून नोटीस वाचली. जे कळलं ते तुम्हालाही सांगतो. कलम ६० आजही आहे, आणि तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, तुम्हाला ते लागू आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून मागता येतो, पण मुदत फक्त तीस दिवसांची. सावकारीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्राच्या २०१४च्या कायद्यात न्यायालय मुद्दलापेक्षा जास्त व्याज देववू शकत नाही, म्हणजे दामदुपट आता धर्म न विचारता लागू आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, आणि अ‍ॅपने तुमच्या फोनमधली नावांची यादी घ्यायची नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना आणि औद्योगिक कामगारांना वकील फुकट मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००.

एक दार मात्र अजून बंदच आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत छोट्या माणसासाठी "नवी सुरुवात" नावाची सोय लिहिली आहे. कर्ज ३५ हजारांच्या आत आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत असेल तर कर्जातून सुटका. पण तो भाग सामान्य माणसासाठी अमलातच आणलेला नाही. १९०९च्या कायद्यात आजोबांचं कर्ज फार लहान होतं. आज तेवढ्याच लहान माणसासाठी कलम छापलेलं आहे, पण ते कपाटात आहे.

भाचा तारखेला कोर्टात गेला. हिशेब मागितला, हप्ते ठरले. कर्ज काही माफ झालं नाही, तो ते फेडतो आहे. पण घरातली एकही वस्तू बाहेर गेली नाही.

तुमच्याही घरात एखादा न उघडलेला लिफाफा असेल तर आज रात्री तो उघडा. एकट्याने वाचवत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवा. पुढच्या भागात गिरणगावातल्या खानावळींकडे जाऊ. उधारीची दुसरी वही तिथेच होती.